स्टेडियमचे उरलेले तीनशे दिवस: नाशिकसाठी आराखड्यापासून वापरापर्यंत

नाशिकसारख्या शहरात पंधरा-वीस हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभं करायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती किती माणसं बसणार याची, आणि दुसरी छप्पर कसं दिसणार याची. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. आधी विचारायचा प्रश्न असा: मोठा सामना नसेल त्या दिवशी सकाळी सहाला या मैदानाचं कुलूप कोण उघडणार, आणि आत कोण येणार? रणजीचा साखळी सामना चार दिवसांचा. त्याला शालेय स्पर्धा, राज्यस्तरीय स्पर्धा, भरतीच्या मैदानी चाचण्या, एखाद-दोन मोठे कार्यक्रम असं सगळं जोडलं, तरी वर्षाचे साठ-पासष्ट दिवस धरता येतात. उरतात तीनशे.

मॉन्ट्रियलच्या १९७६च्या ऑलिंपिक स्टेडियमचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. म्युनिकच्या १९७२च्या ऑलिंपिक स्टेडियममधून बायर्न म्युनिक संघ २००५ मध्ये नव्या मैदानावर गेला, तरी तो परिसर गजबजलेलाच राहिला, कारण टेकडी, तळं आणि फिरायच्या वाटांसकट तो पहिल्यापासून शहराची बाग म्हणूनच आखला होता. तेव्हा कामाला सुरुवात उरलेल्या दिवसांपासून करा.

आधी कॅलेंडर, मग नकाशा

वास्तुविशारदाला बोलावण्याआधी मोठ्या कागदावर ३६५ चौकोन आखा. मोठे सामने लाल, रोजचा सराव निळा, भाड्याचे कार्यक्रम पिवळे, गवताची विश्रांती हिरवी. जून ते सप्टेंबर हे चार महिने वेगळ्या ओळीत घ्या, कारण त्या काळात मैदान ओलं असणार आणि सगळा भार गॅलरीखालच्या खोल्यांवर पडणार. आता प्रत्येक मोठ्या खर्चाच्या गोष्टीपुढे ती किती चौकोनांत वापरली जाईल ते लिहा. वर्षात दहा दिवसही न लागणारी गोष्ट कायमची बांधू नका, ती भाड्याने आणायची सोय ठेवा.

हा नियम सर्वांत जास्त लागू पडतो तो आसनांना. लंडनचं २०१२चं ऑलिंपिक स्टेडियम ८०,००० आसनांचं होतं, त्यातली ५५,००० काढता येतील अशी होती. ती कल्पना चांगलीच होती. पुढे फुटबॉलसाठी खालची आसनं पुढे आणायची आणि अॅथलेटिक्ससाठी मागे न्यायची, अशी दरवर्षीची हलवाहलव सुरू झाली आणि तिच्यावरच लाखो पौंड जाऊ लागले. एकदा काढायची आसनं परवडतात, वर्षानुवर्षं हलवायची परवडत नाहीत. नाशिकपुरतं सांगायचं तर बारा हजार कायमची आसनं बांधा आणि दोन बाजूंना तात्पुरत्या गॅलरीसाठी सपाट, धुमस करून घट्ट केलेली जमीन आणि वीज-पाण्याचे पॉइंट तयार ठेवा. मुंबईच्या वानखेडेवरही २०११च्या विश्वचषकासाठी नूतनीकरण झालं तेव्हा क्षमता ४५,०००च्या आसपासवरून ३३,०००वर आली. कमी आसनं म्हणजे कमी दर्जा असं अजिबात नाही.

एका मैदानात काय बसतं आणि काय बसत नाही

"क्रिकेटही होईल, ट्रॅकही होईल" ही मागणी प्रत्येक बैठकीत येते. मोजून बघा. ४०० मीटरच्या प्रमाण ट्रॅकच्या दोन सरळ बाजू ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, आणि १.२२ मीटरच्या आठ लेन. म्हणजे बाहेरून सुमारे १७७ × ९२.५ मीटर, आणि ट्रॅकच्या आत रुंदी फक्त ७३ मीटर. क्रिकेटची सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान ६५ यार्ड, म्हणजे ५९.४३ मीटर लागते. आडवा व्यास जवळजवळ ११९ मीटर झाला, आणि दोरीपलीकडे तीन यार्ड मोकळे हवेत ते वेगळेच. ७३ मीटरमध्ये हे बसत नाही. बसवलं तर क्षेत्ररक्षक सिंथेटिक ट्रॅकवर झेपावणार आणि धावपटूंना लेनमध्ये क्रिकेटचे खिळे लागलेली भोकं मिळणार.

फुटबॉल मात्र ट्रॅकच्या आत बसतो. १०५ × ६८ मीटरचं मैदान आखलं तर त्याचे चारही कोपरे वळणाच्या आतल्या कडेपासून जेमतेम एक मीटरवर येतात. हे कोपरे कागदावर नीट तपासा. कॉर्नर घेणाऱ्या खेळाडूचं धावणं ट्रॅकवरून सुरू होणार, म्हणून तिथे ट्रॅकची कडा काढता येईल अशी आणि वरून कृत्रिम हिरवळीचा तुकडा टाकता येईल अशी ठेवा.

नाशिकमध्ये निवड फार अवघड नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने होतात, तेव्हा क्रिकेटला घर आहे. हा जिल्हा धावणाऱ्यांचा आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या मुलींना एसटीने येऊन दोन तास पळता येईल आणि परतीची गाडी मिळेल असा उघडा ट्रॅक, ही या शहराची खरी गरज आहे. नवीन स्टेडियम बांधायचंच तर ट्रॅक, फुटबॉल आणि गॅलरीखाली देशी खेळ, अशी जोडी धरा.

जागा आणि दिशा

गोदावरीकाठची किंवा नासर्डी-वाघाडीच्या बाजूची जागा असेल तर पहिल्याच दिवशी निळ्या आणि लाल पूररेषेचा (लहान आणि मोठ्या पुराची हद्द) नकाशा मागवा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं हे सगळं शहर बघतं. तुमच्या जागेच्या निचऱ्याचं तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल का, हे तुम्ही बघा. नाल्याची पातळी मैदानाच्या पाइपपेक्षा वर गेली तर पाणी उलटं आत येतं. तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप आणि पंप बसवायची विहीर, दोन्ही हवीत.

मातीसाठी किमान पाच खड्डे घ्या, चार कोपऱ्यांत आणि एक मधोमध, प्रत्येकी तीन मीटर किंवा पक्का मुरूम लागेपर्यंत. भिंतीला टेप लावून फोटो काढा. नाशिकच्या बऱ्याच भागात वर काळी माती आणि खाली मुरूम, मग काळा पाषाण लागतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गॅलरीचा पाया तिच्यात संपला तर दोन-तीन वर्षांत भिंतींवर तिरक्या चिरा दिसतात. पाया मुरमात किंवा खडकात नेणं याला पर्याय नाही.

मैदानाचा लांब अक्ष उत्तर-दक्षिण ठेवा. आपला हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा आणि तेव्हा सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो, म्हणून उत्तर टोक पाच ते पंधरा अंश पश्चिमेकडे झुकवलं तर गोलरक्षकाच्या डोळ्यांवर ऊन कमी येतं. मुख्य गॅलरी पश्चिमेला: दुपारचं ऊन प्रेक्षकांच्या पाठीशी राहतं. पावसाळी वाराही पश्चिम-नैर्ऋत्येकडूनच येतो, म्हणून या गॅलरीची पाठ बंद हवी. नुसतं वर छप्पर असेल तर मागून आलेला सडा सगळ्या आसनांवर जातो. पूर्वेला महागडी गॅलरी बांधू नका. तिथे दुपारभर तोंडावर ऊन असतं. गवताचा बसता उतार करा, चारास एक या ढाळाचा, गाभा मुरमाचा आणि वर तीस सेंटीमीटर खोदाईतली काळी माती. माती वाहून टाकायचा खर्चही वाचतो.

निचरा: इथे पैसे वाचवू नका

काळी माती क्रिकेटच्या खेळपट्टीत हवी, आउटफिल्डखाली किंवा फुटबॉलच्या हिरवळीखाली नको. चिकणमातीचं प्रमाण जास्त असल्यामुळे ती रोलरखाली घट्ट बसते आणि चेंडूला आधार देते. पण त्याच गुणामुळे तिच्यातून पाणी झिरपत नाही. मैदानाची सगळी रड इथून सुरू होते.

माती ओळखायची सोपी रीत: उभ्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चमचाभर कपडे धुवायची पावडर घालून पाच मिनिटं जोरात हलवा. पहिल्या मिनिटात तळाशी बसते ती रेती, दोनेक तासांत त्यावर बसते ती पोयटा माती, आणि त्यानंतर दिवसभर गढूळ राहून हळूहळू बसते ती चिकणमाती. प्रत्येक थराची जाडी पट्टीने मोजा. प्रयोगशाळेच्या अहवालाला हा पर्याय नाही, पण ट्रक परत पाठवायचा की रिकामा करायचा हे गेटवरच कळतं.

पाण्याचा हिशेब करा म्हणजे आकार कळेल. उदाहरणादाखल क्रिकेटच्या, ७० मीटर त्रिज्येच्या गोल मैदानाचं क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की ३ लाख ८५ हजार लिटर पाणी झालं. ते पृष्ठभागावरून वाहून गेलं तर कडेला तळं होणार, म्हणून ते खाली उतरायला हवं.

रचना खालून वर अशी. तळ १०० मीटरला एक मीटर ढाळ देऊन दाबा. त्यात दर पाच मीटरवर चर खणा, माशाच्या काट्यासारखे मधल्या मुख्य चराला मिळणारे. चरात १०० मिलिमीटरचा छिद्रं असलेला पाइप, मुख्य चरात २०० मिलिमीटरचा. पाइपभोवती आणि त्यावर सगळीकडे १० सेंटीमीटर थर ६ ते १० मिलिमीटरच्या धुतलेल्या खडीचा. त्यावर ३० सेंटीमीटर रेती, तिच्यात थोडं सेंद्रिय खत, आणि वर हरळीची निवडक जात. प्रत्येक ओळीच्या वरच्या टोकाला झाकण असलेलं छोटं चेंबर ठेवा, म्हणजे पुढे पाण्याचा दाब मारून ओळ साफ करता येईल.

यात चुका कुठे होतात ते ऐका. पाइप टाकून झाल्यावर त्यावरून भरलेला ट्रॅक्टर किंवा डंपर नेला की पाइप चपटा होतो, आणि ते पहिल्या पावसापर्यंत कुणाला कळत नाही. रेती नेहमी एका कडेने सुरू करून टाकलेल्या रेतीवरूनच पुढे न्या. दुसरी चूक, पाइपाला कापड गुंडाळणं. बारीक कण कापडावर साचून त्याची चिखलाची कातडी बनते. खडी नीट निवडली असेल तर कापड लागत नाही. तिसरी आणि आपल्याकडे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे न धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती. नदीची रेती महाग आणि दुर्मीळ झाली आहे, म्हणून खाणीतली वापरणं समजण्यासारखं आहे, पण तिच्यातली दगडाची भुकटी सगळी भोकं बुजवते. धुतलेलीच घ्या, आणि प्रत्येक खेपेची चाचणी करा: १५ सेंटीमीटर व्यासाचा पाइपचा तुकडा दाबून भरलेल्या रेतीत उभा रोवा, रेती आधी भिजवून घ्या, मग पाणी ओतून वेळ मोजा. पातळी तासाला १५० मिलिमीटरपेक्षा कमी वेगाने उतरत असेल तर ती खेप नको.

क्रिकेटच्या मैदानाला आणखी एक दुखणं हळूहळू जडतं. खेळपट्ट्यांच्या चौकावर दरवर्षी माती पडते, ती झाडताना कडेला जाऊन साचते, आणि काही वर्षांत चौकाभोवती उंचवटा तयार होतो. मग चौक बशीसारखा होऊन पाणी धरतो. हंगाम संपला की दोरी ताणून लेव्हल बघा आणि उंचवटा बोटभर झाला असेल तरी खरवडून काढा.

गॅलरीतून दिसतं का

पायऱ्यांची उंची अंदाजाने ठरवू नका, गणित सोपं आहे. पुढच्या माणसाच्या डोळ्यापासून मैदानावरच्या सर्वांत जवळच्या बघायच्या बिंदूपर्यंतचं आडवं अंतर घ्या, आणि त्या डोळ्याची बिंदूपासूनची उंची घ्या. अंतराला (उंची अधिक पायरीची उंची) याने गुणा, (अंतर अधिक पायरीची खोली) याने भागा, आणि उत्तरातून मूळ उंची वजा करा. जे उरतं ती मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोळ्यावरून किती मोकळी जाते त्याचं माप. ९० मिलिमीटर चांगलं, ६० ही खालची मर्यादा. टोपी आणि फेटे जास्त दिसणार असतील तर १२०.

उदाहरण घ्या. पायरीची खोली ८० सेंटीमीटर, पहिल्या रांगांमध्ये अंतर २० मीटर, डोळ्याची उंची ५ मीटर. पायरी ३० सेंटीमीटर ठेवली तर ९६ मिलिमीटर मिळतात, उत्तम. पंधरा रांगा वर जा: अंतर ३२ मीटर, उंची ९.८ मीटर (मधल्या पायऱ्या सरासरी ३२ सेंटीमीटर धरून). इथे तीच ३० सेंटीमीटरची पायरी फक्त ५४ मिलिमीटर देते, म्हणजे पुढच्याचं डोकं आड येणार. पायरी ३४ केली की ९३ होतात. म्हणून गॅलरी वर जाताना जास्त चढती हवी. ठेकेदाराला सगळीकडे एकच साचा सोयीचा असतो, आणि तिथेच वरच्या रांगांतले प्रेक्षक उभे राहून बघायला लागतात. एक उभा राहिला की मागचे सगळे उभे. दर चार-पाच रांगांना एक असे तीन-चार साचे पुरतात. चढ ३४-३५ अंशांच्या वर नेऊ नका. चालायच्या जिन्यात प्रत्येक पायरीचे दोन समान भाग करा: ३० असेल तर १५-१५, ३४ असेल तर १७-१७. असमान पायरीवर माणूस पडतोच.

बघायचा बिंदू म्हणून मैदानाचा मध्य धरणं ही फसवणूक आहे, त्यात गणित नेहमी छान येतं. जवळच्या लेनची बाहेरची कडा धरा, आणि जाहिरातींचे फलक लागणार असतील तर ते धरून पुन्हा मोजा. बसलेल्यांपुढचं रेलिंग ८० सेंटीमीटर, जिन्याच्या तोंडाशी मात्र १.१ मीटर.

गॅलरीखालची जागा

उरलेल्या तीनशे दिवसांचा खरा आधार ही जागा आहे. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ × १० मीटर, कुस्तीची मॅट १२ × १२ मीटर, टेबल टेनिसच्या एका टेबलाला स्पर्धेसाठी १४ × ७ मीटर, दहा मीटर एअर रायफलच्या रेंजला मागची-पुढची जागा धरून सुमारे १५ मीटर लांबी. मल्लखांबासाठी निदान साडेपाच मीटर मोकळी उंची हवी, म्हणून तो सर्वांत उंच खणात. बॅडमिंटन इथे ओढूनताणून बसवू नका. त्याला नऊ मीटर उंची लागते. ही मापं आधी ठरवा, मग खांबांमधलं अंतर ठरवा. उलट केलं तर प्रत्येक खोलीच्या मधोमध एक खांब येतो आणि तिचं गोदाम होतं.

या खोल्या ओस पडतात त्या गळतीमुळे. काँक्रीटच्या लांब बांधकामात साधारण ४५ मीटरच्या आत प्रसरण सांधा (उन्हाने फुगायला ठेवलेली फट) द्यावा लागतो, आणि पाणी तिथूनच येतं, वरून कितीही भराव भरला तरी. म्हणून सांधा कधीही हॉलच्या डोक्यावर येऊ देऊ नका. तो जिन्यावर किंवा बोळावर आणा, आणि खाली स्टेनलेस स्टीलची पन्हळ लावून ती उघड्यावर, हाताने साफ करता येईल अशी ठेवा. पुढे कार्यक्रमही होणार असतील तर अभियंत्याला ते आजच सांगा. तालावर उड्या मारणारी गर्दी सेकंदाला दोनच्या आसपास ठेका धरते आणि तिचा हादरा नुसत्या वजनाच्या हिशेबात दिसत नाही. गॅलरीची उभी नैसर्गिक कंपनसंख्या ६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला सहा कंपनांच्या वर राहील असं डिझाइन मागा.

आठ मिनिटांत बाहेर

सुरक्षेच्या हिशेबात जिन्यावरून एका मीटर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसं उतरतात असं धरतात, सपाटीवर ८२. सहा हजारांची गॅलरी आठ मिनिटांत रिकामी करायची तर जिन्याच्या प्रत्येक मीटरमधून ५२८ माणसं जाणार, म्हणजे एकूण सुमारे ११.४ मीटर रुंदी हवी. २.४ मीटरचे पाच जिने बारा मीटर देतात. त्यात सहावा घाला, कारण एक जिना आगीमुळे किंवा पडलेल्या माणसामुळे बंद झाला तरी हिशेब टिकला पाहिजे. जिना संपतो तिथलं फाटक जिन्याहून अरुंद असेल तर सगळं गणित फाटकाच्या रुंदीवर येतं.

फाटकाबाहेरची जागा नकाशात बहुधा कोरीच असते. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या फाटकांशी ११ जणांचा जीव गेला. आपल्या शहराने २००३च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर ३९ भाविक गमावले. प्रत्येक फाटकाबाहेर थांबणाऱ्यांसाठी चौरस मीटरला दोन माणसं धरून मोकळं पटांगण ठेवा: सहा हजारांना तीन हजार चौरस मीटर. तिथे दुचाकी, हातगाड्या आणि झेंड्यांचे खांब नकोत. फाटकं बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत आणि सामना संपायच्या दहा मिनिटं आधी पूर्ण उघडी असावीत.

छप्पर आणि दिवे, थोडक्यात

छप्पर मोठं म्हणजे चांगलं हा समज गवताच्या मुळावर येतो. ह्यूस्टनच्या १९६५च्या अॅस्ट्रोडोममध्ये पारदर्शक छपराची तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर येई, म्हणून ते रंगवलं, आणि आतलं गवत मेलं; पुढच्याच वर्षी कृत्रिम हिरवळ टाकावी लागली. आपल्या हरळीला दिवसाचं सहा-आठ तास थेट ऊन हवं. डिसेंबरात सावली कुठे पडते ते आराखड्यावर तपासा. पुढे झेपावलेल्या छपराला वाऱ्यात खालून वर उचलणारा जोर मोठा असतो. नाशिकसाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. या छपराचं पाणी साठवा: ४,००० चौरस मीटर, ७०० मिलिमीटर पाऊस, ८० टक्के हाती लागला तर २२ लाख ४० हजार लिटर. निचऱ्याच्या हिशेबातल्या ७० मीटर त्रिज्येच्या मैदानाला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी दिलं तर हे महिनाभराच्या जवळ पुरतं.

दिव्यांचे खांब किती उंच? मैदानाच्या मध्यापासून खांबापर्यंतचं अंतर ९० मीटर असेल तर २५ अंशांच्या कोनाने ४२ मीटर. वायरिंग तीन टप्प्यांत करून घ्या: सरावाला ७५ लक्स (लक्स हे उजेडाचं माप), क्लबच्या सामन्याला २००, मोठ्या सामन्याला ५००च्या वर. टप्पे नसतील तर वीस मुलांच्या सरावासाठी सगळे दिवे लावावे लागतात, आणि बिल आलं की दिवेच बंद होतात.

कार्यक्रमाला भाड्याने देताना

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर क्रिकेट, फुटबॉल आणि मोठे संगीत कार्यक्रम असं सगळं होतं. २०२५चा महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला. म्हणजे शिस्त असेल तर जमतं. ती शिस्त करारात अशी लिहा.

जमिनीत खुंटी, पहार, खिळा काहीही जाणार नाही. मंडपवाल्यांची सवय खड्डा खणून वासा रोवायची असते, आणि एक पहार १०० मिलिमीटरच्या पाइपातून आरपार जाते. ताण द्यायला पाण्याने भरलेली दोनशे लिटरची पिंपं किंवा काँक्रीटचे ठोकळे वापरा. स्टेज ट्रॅकवर किंवा खेळपट्टीच्या चौकावर येणार नाही. गवतावर साधं कार्पेट चालणार नाही. त्याखाली हवा जात नाही आणि एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत गवत उकडून पिवळं पडतं. भोकं असलेले, प्रकाश आत सोडणारे प्लास्टिकचे फलक आणा, तेही जास्तीत जास्त तीन दिवस. ट्रॅक ओलांडायचा असेल तर खाली जाड कापड, वर १८ मिलिमीटर प्लायवूड, आणि ठरलेल्या एकाच जागेवरून. जनरेटर आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल पक्क्या जमिनीवर, कारण डिझेल आणि तेल ट्रॅकचं पॉलियुरेथेन खातात. सामान आणायच्या दिवशी पाऊस झाला तर वाहन गवतावर जाणार नाही, तारीख कितीही जवळ असली तरी.

कार्यक्रम उठल्यावर अनामत लगेच परत देऊ नका. आधी चाकं लावलेली लोहचुंबकाची पट्टी सगळ्या मैदानावरून उभी आणि आडवी, दोनदा फिरवा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या हिरवळीतून बारीक-मोठे खिळे, बाइंडिंग तारेचे तुकडे निघतात. हरळीत रुतलेला दीड इंची खिळा डोळ्याला दिसत नाही, तो अनवाणी सराव करणाऱ्या मुलाच्या टाचेलाच लागतो. मग जमिनीला भोकं पाडून हवा द्या, पाणी द्या, आणि आठवडाभर मैदान बंद ठेवा. हे सात दिवस भाड्यात धरलेले असले पाहिजेत.

२०२७च्या सिंहस्थाचा विचार आत्ताच करा. पर्वण्या पावसाळ्यात येतात, आणि तेव्हा मैदान वाहनतळाला किंवा मुक्कामाला मागितलं जाणारच. ओल्या मैदानावर एक दिवस गाड्या उभ्या राहिल्या तर रेतीचा थर दबून निचरा मरतो आणि तो पुन्हा उकरून करावा लागतो. शहराच्या कामाला नाही म्हणायचं नाही, पण द्यायचं ते बाहेरचं पटांगण, गॅलरीखालचे हॉल आणि स्वच्छतागृहं. मुक्कामाची सोय चांगली होते आणि हिरवळही वाचते. ही विभागणी नकाशावर रंगवून आधीच कळवा, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

वर्षाचं चक्र

ट्रॅक पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी चार ते आठ सर्वांना उघडा ठेवा. आतल्या दोन लेन स्पर्धकांना राखा, चालणाऱ्यांना बाहेरचा मुरमाचा वेगळा पट्टा द्या. नाशिककरांना मैदानाभोवती फेऱ्या मारायची सवय आहे आणि मैदानाला तेच सर्वांत चांगले राखणदार मिळतात. स्पाइकचे खिळे नऊ मिलिमीटरपर्यंतच, फाटकावर मोजपट्टी टांगून ठेवा. ऑक्टोबरात पाऊस सरला की हरळी छाटून वर बारीक रेतीचा हात द्या. जानेवारीत सांधे आणि पन्हळी बघा, गळतीचे डाग सुकलेले असतात आणि नीट दिसतात.

मे महिन्यात निचऱ्याची चाचणी घ्या. प्रत्येक ओळीच्या वरच्या चेंबरमध्ये टँकरने पाचशे लिटर पाणी एकदम सोडा, आणि खालच्या तोंडातून ते बाहेर यायला किती वेळ लागला तो घड्याळ लावून मोजा. ओळीचा क्रमांक आणि वेळ पंपघराच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहा, दरवर्षी मागच्या आकड्याखाली. ज्या ओळीचा वेळ वाढला असेल तिच्यात मृगाच्या आधी जेट मारून घ्या.